चतकोर उरली की सगळं बंद

मेश्रामांचा हात भिंतीवरच्या बटणाकडे आपोआप जायचा. घर स्वतःचं आहे की दुसऱ्याचं, याच्याशी त्या हाताला काही देणंघेणं नव्हतं. शेजारी राहायला आल्यावर पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आले तेव्हा चप्पल काढता काढता त्यांनी आमच्या दारावरचा दिवा बंद केला. सकाळचे दहा वाजले होते आणि तो दिवा आदल्या रात्रीपासून तसाच राहिला होता. मग आत येऊन बसले. स्वयंपाकघरात रिकामाच फिरणारा पंखा त्यांना तिथून दिसत होता. माझ्या बायकोला, मीनाला, म्हणाले, "वहिनी, आत कोणी बसलंय का?"

मीनाने खरंच आत डोकावून पाहिलं. "नाही हो."

"मग वारा कोणाला घालताय?"

मला राग आला होता. कर्वेनगरात आमचं अर्धं आयुष्य गेलं. पुण्यात असले टोमणे मारायचा हक्क आमचा असतो, बाहेरून आलेल्या माणसाने ते ऐकून घ्यायचे असतात, अशी माझी समजूत होती. मी तोंड वाकडं केलेलं त्यांनी पाहिलं आणि निर्विकारपणे बिस्किट चहात बुडवलं. पुढे चौदा वर्षं ते आमचे शेजारी होते. आमच्या दोन घरांमध्ये छातीइतकी उंच भिंत होती आणि आमचं निम्मं बोलणं त्या भिंतीवरूनच झालं.

मेश्राम मूळचे भंडाऱ्याकडचे. पुण्याच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं विजेच्या देखभालीचं काम करून फोरमन म्हणून निवृत्त झाले, शेजारचं रो-हाउस घेतलं, आणि घेतल्यावर दोन महिन्यांत त्या घराची वीज तोडून टाकली. थकबाकी वगैरे काही नव्हती. स्वतः अर्ज देऊन तोडली.

त्या अर्जाची कथा ते रंगवून सांगत. वीज मंडळाच्या खिडकीपलीकडचे गृहस्थ म्हणाले, "कारण लिहा." मेश्रामांनी लिहिलं, 'गरज नाही.'

"असं कारण नसतं. घर विकलं, घर पाडलं, मालक वारले. यातलं काय?"

"यातलं काहीच नाही."

"मग वीज कशाला तोडताय?"

"मी घरी जेवतो. खानावळीचा डबा बंद करतोय."

त्या गृहस्थांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं म्हणे, आणि शेवटी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'मालक परगावी.' त्यामुळे कागदोपत्री मेश्राम कायमचे परगावी होते. सकाळी भिंतीपलीकडून हाक यायची, "देवधरभाऊ, परगावाहून बोलतोय. दूध आलं का तुमचं?"

विजेसाठी गच्चीवर सोलरची पॅनेलं आणि जिन्याखाली ओळीने मांडलेल्या बॅटऱ्या. शहरातल्या माणसाला यात विशेष काही वाटणार नाही. सोलर हल्ली पुष्कळांकडे असतं, पण त्यांच्याकडे ऊन गेलं की सरकारी तार असते. मेश्रामांकडे ऊन गेलं की फक्त बॅटऱ्या. रोज सकाळी साडेसहाला ते ओलं फडकं घेऊन गच्चीवर जायचे, कारण आमच्या आजूबाजूला सतत कुठली ना कुठली इमारत पडत किंवा चढत असते आणि तिची धूळ पॅनेलवर बसते. कबुतरांशी त्यांचं हाडवैर होतं. दर रविवारी बॅटऱ्यांची झाकणं उघडून आत डिस्टिल्ड वॉटर घालायचं. त्या कामाने त्यांच्या प्रत्येक बनियनला ॲसिडची बारीक भोकं पडलेली होती आणि तेच बनियन घालून ते दूध घ्यायला जात.

मिक्सर दुपारी बारा ते दोन या वेळातच. तारावहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, चटणी हवी असेल तर ती उन्हात. कपडे कोपऱ्यावरच्या कोळशाच्या इस्त्रीवाल्याकडे. फ्रिज नाही. टीव्ही संध्याकाळी एक तास, मॅच असली तर जास्त. स्वयंपाकाचा गॅस मागच्या अंगणातल्या टाकीतून, ओल्या कचऱ्याचा. तो कचरा आमच्याही घरून जायचा आणि जाण्यापूर्वी त्याची तपासणी व्हायची. लिंबाची सालं आणि कांद्याचे पापुद्रे त्या टाकीला चालत नाहीत. आमच्याकडे एकदा वर्षभराचं लिंबाचं सरबत करून ठेवलं तेव्हा मोलकरणीने पन्नासेक लिंबांची सालं त्यांच्या बादलीत ओतली. आठ दिवस त्यांच्या घरी गॅस पेटला नाही आणि तारावहिनी आमच्या ओट्यावर भाकऱ्या भाजत होत्या. मेश्राम भिंतीशी येऊन म्हणाले, "देवधरभाऊ, माझ्या टाकीला ॲसिडिटी झालीये. तुमच्याकडे जेलुसिल असेल तर दोन पिंपं द्या." मग वारज्याच्या एका गोठ्यातून ताजं शेण आणून टाकीत घातलं तेव्हा ती माणसात आली. थंडीतही तिला असंच शेण लागायचं. जुन्या स्कूटरवर पायांत शेणाची बादली धरून मेश्राम हायवेच्या पुलाखालून येताना मी कितीदा पाहिलेत.

पाण्याचं मात्र जमलं नाही. पावसाचं पाणी टाकीत साठवून दोन वर्षं रेटलं. दुसऱ्या मे महिन्यात त्या पाण्याला वास मारायला लागला. तारावहिनी एक दिवस दोन्ही हातांत आमच्याकडच्या बादल्या घेऊन गेटात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अजी, म्या लहानपनी लय उभी रायली पान्यासाठी. आता नाही." त्याच दिवशी मेश्राम महापालिकेच्या नळाला शरण गेले. त्यांना चिडवायला मी म्हणायचो, तुमचं स्वावलंबन पाऊण आहे. ते म्हणायचे, पाऊण तर पाऊण, तुमचं तर कोरंच आहे.

या घराचा कारभार एका पाटीवर चालायचा. शाळेतली असते तसली लाकडी चौकटीची दगडी पाटी, स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेली. तिच्यावर खडूने एक गोल काढलेला असे. तो गोल म्हणजे भाकरी. बॅटरीच्या काट्याकडे पाहायचं आणि किती उरली ते पाटीवर रंगवायचं: पूर्ण, पाऊण, अर्धी, चतकोर. आकडे का नाही, असं मी विचारलं होतं. मेश्राम म्हणाले, "आकडा पाहिला की माणूस विचार करतो. भाकरी पाहिली की समजतो."

नियम दोनच. अर्धी झाली की पंखा बंद. चतकोर उरली की सगळं बंद, मग घरात कोणी का असेना. कारण चतकोराच्या खाली गेली तर बॅटरी मरते. एकदा मेली की ती परत उठत नाही. हे वाक्य मी त्या घरात इतक्या वेळा ऐकलंय की मला ते मेश्रामांच्या आवाजातच आठवतं.

पण पाटी रंगवायच्या तारावहिनी. चौथीपर्यंत शिकलेल्या. काटा वाचायला नवऱ्याकडून शिकल्या आणि नवऱ्यापेक्षा कडक झाल्या. एकदा क्रिकेटची फायनल होती. नागपूरहून त्यांचे दोन भाचे आले होते, मी आणि मीनाही तिकडेच होतो, कारण मेश्रामांकडे मॅच पाहणं हा वेगळा प्रकार असायचा: मध्येमध्ये सगळे पाटीकडे पाहत. त्या दिवशी दुपारभर ढग होते. शेवटची ओव्हर चालू असताना तारावहिनी उठल्या, जिन्याखाली जाऊन आल्या, पाटीवरची भाकरी पुसून चतकोर ठेवली आणि सरळ टीव्हीकडे निघाल्या.

"अवो, दोनच बॉल रायले!" मेश्राम खुर्चीतून अर्धे उठले. नियम त्यांनीच केला होता आणि तेच हात जोडत होते.

"बॉल असो का काहीबी असो. बॅटरी मरन तं कोन देईन?" आणि खटकन टीव्ही बंद.

आम्ही सगळे, भाच्यांसकट, पळत आमच्या घरी आलो. टीव्ही लागेपर्यंत मॅच संपली होती. मेश्राम मात्र आले नाहीत. ते अंधारात बायकोशेजारी बसून राहिले. दुसऱ्या दिवशी भिंतीवरून म्हणाले, "बरोबर होती ती. मी फितूर झालो होतो." आवाजात भलताच अभिमान होता.

हे सगळं कशासाठी, असं मी त्यांना एकदाच विचारलं. रविवार होता आणि ते जिन्याखाली उकिडवे बसून बॅटरीत पाणी घालत होते. नरसाळ्यावरची नजर न हलवता ते बोलले.

"आमच्या गावात वीज आली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आमच्या वस्तीतही खांब रोवला. तार नाही आली. तार गावातच थांबली. सहा वर्षं नुसता खांब होता. आम्ही त्याच्याभोवती शिवणापाणी खेळायचो. माय त्याला कपड्यांची दोरी बांधायची."

"मग?"

"मग आली. ज्यांच्या हातात होतं त्यांना वाटलं त्या दिवशी आली." त्यांनी एक झाकण घट्ट केलं आणि पुढचं उघडलं. "देवधरभाऊ, आपलं बटण आपल्या हातात पाहिजे."

आमच्या घरात माझ्या आजोबांच्या काळापासून वीज होती.

तारावहिनींना आधी खोकला झाला. मग जिना चढताना दम लागायला लागला, मग बोलतानाही. फुफ्फुसं कडक होत चालली आहेत, ती पुन्हा मऊ होणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवावं लागेल, ते दिवसरात्र चालेल. "लाइट जाते का तुमच्याकडे?" डॉक्टरांनी विचारलं. मेश्राम म्हणाले, "आमच्याकडे लाइट येतच नाही, तर जाईल कुठून?" डॉक्टरांना विनोद कळला नाही. मला कळला आणि मीही हसलो नाही.

त्यांची मुलगी सोनल हैदराबादला नोकरी करते. ती धावत आली. भिंतीपलीकडचं बोलणं ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येतंच.

"बाबा, प्लीज कनेक्शन घ्या. धिस इज नॉट अबाउट यू."

"बॅटऱ्या दुप्पट करतो. पॅनेलं दुप्पट करतो. हिशोब केलाय मी."

"आणि पावसाळ्यात?"

यावर मेश्रामांच्या आधी तारावहिनीच बोलल्या, एकेक शब्दाला थांबत. "सोनू... तुह्या बापानं... पस्तीस वर्सं... कारखान्यात लाइट जाऊ देली नाही. घरातली... जाऊ देईन का?"

सोनल दोन दिवस राहून परत गेली. मेश्रामांनी खरंच सगळं दुप्पट केलं. उन्हाळाभर मशीन सुरळीत चाललं. घुर्र करायचं आणि मग फस्स. तो आवाज आमच्या बेडरूमपर्यंत यायचा. आधी त्रास झाला, मग सवय झाली. पाटीवर रोज संध्याकाळी पूर्ण भाकरी. तारावहिनींच्या नाकात नळी असायची आणि भेटायला येणाऱ्याला त्या सांगायच्या, "मी तं उन्हावर जगून राहिली बाप्पा." मेश्राम त्या वेळी पाठमोरे होऊन काहीतरी शोधायचे.

श्रावणात ऊन गेलं ते आठ-आठ दिवस परतलंच नाही. मशीन जितकं खायचं तितकं पॅनेलांतून येईना. मेश्रामांनी पंखा सोडला, टीव्ही सोडला, दिवे सोडले, फोन चार्ज करायला माझ्याकडे आणून द्यायला लागले. पाटीवर दुपारीच अर्धी दिसायला लागली. एक दिवस सकाळी ते भिंतीशी आले. नेहमीसारखी हाक नव्हती. मी बाहेर येईपर्यंत नुसते उभे होते.

"देवधरभाऊ, एक तार पाहिजे होती."

हल्लीचं फोनचं चार्जिंग सोडलं तर चौदा वर्षांत त्या माणसाने माझ्याकडे लिंबाची सालं वगळण्यापलीकडे काही मागितलं नव्हतं. मी म्हणालो, "अहो, हवी तितकी घ्या. दिवसभर आमच्यावरच चालवा ना मशीन."

"नाही. आधी आपली संपू द्यायची. चतकोरावर आली की तुमची."

त्यांनी सगळं स्वतः जोडलं. आमच्या बाहेरच्या प्लगपासून एक तार भिंतीवरून, जास्वंदीच्या मागून, त्यांच्या जिन्याखाली गेली. तिथे एक असा जोड बसवला की बॅटरी चतकोरावर आली की मशीन आपोआप आमच्या विजेवर जाईल. कोणी काही करायची गरज नाही. आमच्या बाजूला, प्लगशेजारी, एक छोटा लाल दिवा लावला. तो पेटला की समजायचं, मशीन आता आमच्याकडून घेतंय.

काम झाल्यावर हात पुसत ते म्हणाले, "हिला सांगू नका."

"का हो?"

"चौदा वर्षं अंधारात बसली माझ्यासाठी. नातेवाइकांचं हसू सहन केलं. तिला आता काय सांगू, शेजाऱ्याची घेतो म्हणून? तिला वाटेल मी हरलो." मग म्हणाले, "पावसाळ्यापुरतंच आहे. भाद्रपदात ऊन येईल."

मी बरं म्हणालो. नंतर तारावहिनींनी मला एकदोनदा विचारलंही, "भाऊ, ढग हायेत तरी बॅटरी पुरून कशी राहिली?" मी म्हणालो, "मेश्रामांचा हिशोब पक्का असतो." त्या समाधानाने हसल्या होत्या. मीनाला हे लपवणं पटलं नव्हतं. ती म्हणाली होती, त्या बाईला सांगा, तिच्या श्वासाचा प्रश्न आहे. मी म्हणालो, त्यांच्या घरातलं ते बघतील.

जवळजवळ तीन आठवडे सगळं नीट चाललं. बहुतेक दिवशी चतकोर व्हायची ती रात्री, तारावहिनी झोपल्यावर, आणि तेव्हा पाटीकडे बघायला कोणी नसायचं. लाल दिवा पेटायचा, सकाळी विझायचा.

त्या दिवशी सकाळपासून अंधारून आलं होतं. गॅसची टाकी थंड पडली होती म्हणून मेश्राम दुपारी तीनच्या सुमारास वारज्याला शेण आणायला गेले. तासाभरात येतो म्हणाले. तारावहिनी खुर्चीत बसलेल्या होत्या, फोन शेजारी होता, असं मेश्रामांनी नंतर सांगितलं. मी माझ्या खोलीत आडवा झालो होतो. डोळा लागत होता. साधारण साडेतीनला मशीनचा आवाज थांबला.

मला तो थांबलेला ऐकू आला. मी जागा होतो. मला वाटलं, सिलिंडर लावला असेल, कारण अडीअडचणीला त्यांनी ऑक्सिजनचा एक सिलिंडर आणून ठेवला होता. मेश्राम बाहेर गेलेत आणि सिलिंडरची चावी त्यांच्याशिवाय कोणी फिरवत नाही, हे मला माहीत होतं, पण त्या वेळी डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. किती दिवसांनी शांत झालं, असं वाटलं. मी कूस बदलली आणि मला चांगली झोप लागली.

मेश्रामांची स्कूटर आली तेव्हा मी जागा झालो. मग त्यांचा आवाज आला. ओरडले नाहीत. आमच्या गेटाशी येऊन "वहिनी" म्हणाले, मग "देवधरभाऊ" म्हणाले.

तारावहिनी पाटीखाली जमिनीवर बसलेल्या होत्या, पाठ भिंतीला टेकलेली. खडू शेजारी पडला होता. पाटीवर चतकोर होती, नेहमीसारखी नीट काढलेली, आधी पूर्ण गोलाची फिकट रेघ आणि मग एक कोपरा भरलेला. मशीनचं बटण बंद होतं. नळी त्यांनी गुंडाळून खुर्चीच्या हातावर ठेवली होती. खोलीतलं दुसरं सगळं आधीच बंद होतं. बंद करण्यासारखं तेवढं एकच उरलं होतं.

मेश्रामांनी नळी त्यांच्या नाकाला लावली आणि बटण दाबलं. मशीन सुरू झालं. घुर्र, फस्स. मी दारात उभा होतो तिथून भिंतीपलीकडचा आमचा प्लग दिसत होता. लाल दिवा लगेच पेटला.

डॉक्टर यायला पाऊण तास लागला. तोवर मशीन चालूच होतं. मीना एकदा म्हणाली, "बंद करू का?" मेश्राम बायकोचा हात धरून जमिनीवर बसले होते आणि त्यांच्या बनियनला शेणाचा वास येत होता.

डॉक्टर जाताना समजुतीचं बोलले. "तसेही फार दिवस नव्हते."

"किती होते?" मेश्रामांनी विचारलं.

"तसं सांगता येत नाही."

"मग बोलू नका."

मला त्या दिवशी काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वैकुंठ स्मशानभूमीत गेलो, परत आलो, आंघोळ केली, जेवलो. मला वाटलं, दोनचार दिवसांनी वाटेल. मीना रडत होती तेव्हा मी तिच्यासाठी चहा केला आणि साखर बरोबर घातली. आजही तो दिवस आठवला की मला सगळं स्पष्ट दिसतं आणि आत काही हलत नाही. तो आवाज थांबला तो क्षण आणि त्यानंतर वाटलेलं बरं, एवढं मात्र जात नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या दिवाणखान्यात बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लावल्या होत्या. भंडाऱ्याहून, नागपूरहून माणसं आली होती. पांढरे कपडे, शांत पाठ चाललेला. मळभ होतं म्हणून कोणीतरी ट्यूब लावली. मेश्रामांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. कार्यक्रम संपून सगळे गेले तरी ती चालू होती. मीच बंद केली.

तेव्हापासून त्यांचा हात बटणाकडे जाईनासा झाला. आमच्याकडे येऊन बसत तेव्हा स्वयंपाकघरातला पंखा रिकामा फिरत असे आणि ते त्याच्याकडे बघत असत. मीनाला ते बघवायचं नाही, ती उठून पंखा बंद करायची. गच्चीवरचं फडकं दोरीवर वाळून कडक झालं होतं. पॅनेलांवर धूळ बसली, कबुतरांनी वर घरटं केलं. रविवारी जिन्याखालची झाकणं उघडेनाशी झाली. मी एकदा म्हणालो, "मेश्राम, बॅटऱ्यांना पाणी नाही घातलं तर..." ते म्हणाले, "हो, मरतील," आणि विषय संपला.

दिवाळीच्या आसपास त्यांनी मला भिंतीशी बोलावलं. "तुम्ही सांगितलं नव्हतं ना तिला? तारेचं?"

"नाही."

"मीही नाही."

मग मीच बोललो. बोलायचं ठरवलं नव्हतं. "मेश्राम, मशीन थांबलं तेव्हा मी जागा होतो. मला आवाज थांबलेला कळला. मी उठलो नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, कशानेच नाही. "हो का," म्हणाले. मग आत गेले आणि आमची तार घेऊन आले. नीट वेटोळं करून, सुतळीने दोन ठिकाणी बांधलेली. ती त्यांनी भिंतीवर ठेवली.

एप्रिलमध्ये सोनल त्यांना हैदराबादला न्यायला येणार होती. घर भाड्याने देणार, वीज पुन्हा जोडून घेणार, सगळं तिनेच ठरवलं. "चला, आता खरंच परगावी," मेश्राम म्हणाले. हसण्यासारखं वाक्य होतं पण चेहरा तसाच होता. ती यायच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांना भेटायला गेलो. बाहेर ऊन रणरणत होतं. गेट उघडतानाच आवाज आला. घुर्र, फस्स.

आत गेलो. सामान खोक्यांत भरलेलं होतं. खुर्ची तिच्या जागेवर होती, तिच्या हातावर नळी होती आणि मशीन चालू होतं. नळीच्या टोकातून हवा येत होती. खुर्चीत कोणी नव्हतं. मेश्राम समोर खाटेवर बसले होते.

माझा हात बटणाकडे गेला. ही सवय मला त्यांनीच लावलेली.

"राहू द्या," ते म्हणाले. "पूर्ण आहे आज."

पाटीवर पूर्ण भाकरी रंगवलेली होती. मी थोडा वेळ बसलो. सोनलच्या फ्लॅटबद्दल विचारलं, सतराव्या मजल्यावर आहे म्हणाले. लिफ्ट दिवसरात्र चालते म्हणाले. निघताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सोडला.

घरी येऊन मी आडवा झालो. भिंतीपलीकडून आवाज येतच होता. झोपलो नाही. बॅटऱ्यांत पाणी नव्हतं, पॅनेलांवर धूळ होती, फार वेळ टिकणार नाही हे मलाही कळत होतं. पाचच्या सुमारास आवाज थांबला.

मी उठलो. चप्पल न घालता बाहेर आलो, तापलेल्या फरशीवरून गेटाबाहेर, मग त्यांच्या गेटातून आत. दार उघडंच होतं. मेश्राम माझ्याकडे पाठ करून पाटीसमोर उभे होते. आधी गोलाची फिकट रेघ काढली, मग एक कोपरा सावकाश भरला. खडू चौकटीवर ठेवून ते वळले आणि माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

"आलात," ते म्हणाले. "काही नाही. चतकोर उरली होती. म्हणून बंद केलं."